जांभळे कापड

उपवासकाळातला पाचवा रविवार जवळ आला की वसईतल्या आमच्या गावच्या देवळात शिडी निघे. आमच्या घरी चर्चला देऊळच म्हणत, आणि लहानपणी जिभेवर बसलेला तो शब्द मी अजून सोडलेला नाही. एरवी ही शिडी घंटाघराच्या जिन्याखाली आडवी पडलेली असे, आणि तिच्या पायऱ्यांवर वर्षभराची धूळ व कोळ्यांची जाळी साचलेली असत. परंतु त्या शनिवारी दुपारी, चैत्राच्या तोंडावरचे ऊन अंगणातल्या फरशीवर रणरणत असताना, देवळाचा सेवेकरी ती खांद्यावर घालून आत आणी, भिंतीला टेकवी, आणि आजीने घरून गाठोड्यात बांधून आणलेली जांभळी कापडे एकेक करून वर चढवू लागे. वेदीमागचा मोठा क्रूस, त्याच्या बाजूला उभा असलेला सुतारकामाचा गुण्या हाती घेतलेला संत योसेफ, डावीकडच्या लहान वेदीवर काचेच्या चौकटीत बसवलेली मरियेची तसबीर, अशी एकामागून एक सारी ओळखीची माणसे त्या रंगात बुडून जात. तासाभराने शिडी पुन्हा जिन्याखाली जाई, आणि देऊळ आपले असूनही परक्याच्या घरासारखे वाटू लागे.

मला चुटपूट लागे ती त्या तसबिरीची. ती कोणा थोर चित्रकाराच्या हातची नव्हती. परदेशात छापलेले आणि खाऱ्या हवेने विटलेले ते एक साधे चित्र होते. मांडीवर बाळ घेतलेली मरिया आणि त्या बाळाच्या मुठीत एक इवलासा पक्षी. मिस्सा अजून लॅटिनमध्ये चाले, तिच्यातले अक्षरही कळत नसे, आणि सात-आठ वर्षांच्या पोराला तेवढा वेळ गुडघ्यांवर राहणे जड जाई. तेव्हा माझी सारी भक्ती त्या पक्ष्यावर जडलेली असे. एका वर्षी कापड चढल्यानंतरच्या रविवारी मी डोळे मिटून ते चित्र आठवू लागलो, आणि मला एकाएकी असे कळले की पक्षी बाळाच्या कोणत्या हातात आहे हे काही केल्या मला सांगता येत नाही. त्याची चोच आईकडे होती की आपल्याकडे? पंख मिटलेले होते की उघडे? दर रविवारी तासभर जे डोळ्यांसमोर होते, त्याचा एवढासा तपशीलही माझ्यापाशी नव्हता. घरी येऊन मी आजीला विचारले. ती सूप घेऊन तांदूळ निवडीत बसली होती. हात न थांबवता ती म्हणाली, "आता ईस्टरला बघ. डोळ्यांनापण उपास असतो, पोरा."

त्या वर्षी ईस्टरच्या रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात मी पहिल्यांदा त्या चौकटीकडे पाहिले. पक्षी डाव्या मुठीत होता, आणि त्याची चोच आईच्या गळ्याकडे वळलेली होती.

पुढे शाळूसोबत्याच्या बहिणीच्या लग्नाला गेलो असता भटजींनी दोघांच्या मध्ये धरलेला अंतरपाट पाहिला, आणि मंगलाष्टके चाललेली असताना त्या मुलीची खाली वळलेली नजर पाहिली. आदल्या महिन्यात ज्याला तिने दोनदा पाहिले होते, चहाचा पेला ज्याच्या हातात दिला होता, त्याच माणसाला पाहण्यासाठी या पाऊण वाराच्या कापडाने तिला नव्याने थांबवून धरले होते. देवाला नैवेद्य दाखवताना गाभाऱ्यापुढे ओढतात तो पडदाही याच जातीचा. ज्याचे दर्शन सुलभ आहे त्यालाच क्षणभर दुर्लभ करण्याची ही रीत आपल्या मातीत इतकी मुरलेली आहे, की आजीला तिचे वाक्य कोणाकडून शिकावे लागले असेल असे मला वाटत नाही.

त्या दोन आठवड्यांत देवळात न झाकलेले असे एकच काही उरे: दोन्ही भिंतींवरून चालत जाणारी क्रुसाची वाट. चौदा चौकटी, पिलाताच्या वाड्यापासून थडग्यापर्यंत. झाकण्याचा नियम तिला लागू नसतो, आणि म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आम्ही मेणबत्ती धरून एका चौकटीपासून दुसरीकडे सरकत असू, तेव्हा सगळ्या गावाची नजर त्या चौदा चित्रांवरच येऊन ठरे. सहाव्या चौकटीपाशी मी मागे रेंगाळे. तिथे वेरोनिका नावाची बाई गर्दीतून पुढे होते, आपल्या फडक्याने प्रभूचे घामारक्ताने माखलेले तोंड पुसते, आणि त्या फडक्यावर त्याचा चेहरा उमटतो. शुभवर्तमानांत या बाईचे नाव नाही. ती परंपरेने जपलेली आहे, आणि तिच्या नावातच 'खरी प्रतिमा' या अर्थाचे शब्द शोधणारे लोकही होऊन गेले. देवळात चहूकडे कापडाने चेहरे झाकलेले, आणि या एका चौकटीत कापडावरच चेहरा आलेला: हा विरोध तेव्हा मला शब्दांत सांगता आला नसता, पण तो मनात कुठेतरी रुतून बसला एवढे खरे.

मग पोटापाण्यासाठी पुण्यास आलो आणि जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरखान्यात चाकरी धरली. तिथे कागद कापडात बांधून ठेवतात, आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. कोणा गावचा ताळेबंद, कोणा वतनदाराची कैफियत, कोण्या किल्लेदाराची दाणागोट्याची यादी, सारे जाड मांजरपाटाच्या चौकोनात, चार टोके एकमेकांवर घेऊन गाठ मारलेले. तीस वर्षे मी असे रुमाल सोडले आणि बांधले; आणि गाठ सुटून कापडाची टोके चारी बाजूंना पडण्याचा तो क्षण, आत काय आहे हे फर्दीवर लिहिलेले असूनही, मला कधी शिळा झाला नाही. त्याच सवयीने मी घरीही एक रुमाल केला. त्यात चित्रे आहेत: जुन्या मासिकांतून कापलेली, पुस्तकांतली सुटी झालेली, कोणी परदेशातून पाठवलेली. रविवारी पहाटे, घर जागे होण्यापूर्वी, त्या दिवसाच्या शास्त्रपाठाला साजेसे एक चित्र मी काढतो, दिव्याला टेकवून उभे करतो, पाठ एकदा वाचतो, आणि मग चहा निवेपर्यंत पाहत बसतो. एवढीच माझी साधना. 1969 च्या आगमनकाळापासून आमच्या उपासनेतले रविवारचे पाठ तीन वर्षांच्या फेऱ्याने चालतात, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. त्यामुळे पुष्कळ चित्रांची पाळी तीन वर्षांनी येते. पाहुणा इतक्या दिवसांनी आला की आपण त्याला आधी उंबऱ्यातच जरा न्याहाळून घेतो, तसे ते होते.

या रुमालाच्या नादानेच आजीच्या वाक्याचे दूरदेशचे सोयरे मला भेटले. मध्ययुगात जर्मन मुलखात उपवासकाळ लागला की वेदीपुढे छतापासून जमिनीपर्यंत प्रचंड तागाचे कापड टांगीत, आणि त्याला उपासाचे कापड म्हणत. डोळ्यांचा उपास हाच त्याचा अर्थ. ऑस्ट्रियातील गुर्क येथल्या महामंदिरातले असे कापड 1458 साली कोनराड नावाच्या चित्रकाराने रंगवलेले आहे. जवळजवळ नऊ मीटर लांब आणि तितकेच रुंद, आणि त्यावर 99 प्रसंग, एका अर्ध्यावर जुन्या कराराचे, दुसऱ्यावर नव्याचे. आजही ते उपवासकाळात तिथे टांगले जाते. यातला विलक्षण भाग असा, की लोकांच्या नजरेआड वेदी करण्यासाठी जे टांगले, त्यावरच त्यांनी सृष्टीच्या आरंभापासून शेवटापर्यंतची सगळी कथा काढली. इंग्लंडात पवित्र सप्ताहातल्या बुधवारी लूकच्या दुःखसहनाचे वाचन चालू असे, आणि मंदिरातला पडदा मधोमध फाटला हे शब्द आले की त्याच क्षणी हे कापड खाली सोडीत. शब्द ऐकू येतो न येतो तोच कापड कोसळलेले आणि वेदी उघडी पडलेली, हे ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिले असेल, त्यांना त्या वाक्यावर वेगळे प्रवचन कशाला हवे होते?

जर्मनीच्या पूर्व सीमेवरच्या त्सिटाऊ गावच्या कापडाची हकीकत मात्र वाचताना माझे मन फार हलले. 1472 सालचे हे कापड. त्यावर 90 चित्रे. धर्मसुधारणेनंतर गाव लूथरपंथी झाले, तरी एकूण दोनशे वर्षे, 1672 पर्यंत, ते टांगीत राहिले; मग विसरले. 1840 साली ते एका पुस्तकांच्या कपाटामागे सापडले. 1945 च्या धामधुमीत सोव्हिएत सैनिकांच्या हाती पडले, आणि त्यांनी त्याचे तुकडे करून रानात उभारलेल्या वाफेच्या न्हाणीला आतून लावले. आदाम, नोहा, मोशे, बेथलेहेमची गव्हाणी, यांच्या अंगावरून महायुद्धातून थकून आलेल्या माणसांची वाफ कितीक दिवस ओघळत राहिली, आणि बरेच रंग धुऊन गेले. सरपण वेचणाऱ्या एका माणसाला ते पुढे सापडले. स्वित्झर्लंडमधल्या कारागिरांनी गेल्या शतकाच्या अखेरीस ते जोडले, आणि 1999 पासून ते त्या गावातल्या एका जुन्या देवळात पाहावयास मिळते. विटलेले रंग त्यांनी नव्याने भरले नाहीत. हे वाचून मला त्या सैनिकांचा राग येईना. उघड्या अंगाने, दमलेल्या, घरापासून दूर असलेल्या माणसांना त्या कापडाने थोडी ऊब दिली, हाही त्याच्या चाकरीचाच एक दाखला असेल असे वाटत राहिले.

आणि या कापडाचा धागा फिरून आपल्याकडे येतो. 1976 साली मिझेरिओर या जर्मन कॅथलिक संस्थेने उपासाच्या कापडाची रीत नव्याने सुरू केली, तेव्हा पहिले कापड रंगवले ते ज्योती साही यांनी. जन्माने पुण्याचे, साल 1944.

परंतु माझ्या रुमालातले सगळ्यांत हाताळलेले चित्र कापडावरचे नाही, लाकडावरचे आहे. आल्सासमधल्या इझेनहाइम येथे संत अँथनीच्या नावाच्या संन्याशांचा मठ होता, आणि त्याला लागून रुग्णालय. राय नावाच्या धान्याला एक बुरशी लागते. त्या पिठाची भाकरी खाल्ली की हातापायांची आग होते, ते काळे पडतात, झडतात. कित्येकांचे ते कापावे लागत. या व्याधीला लोक संत अँथनीचा अग्नी म्हणत. या रुग्णांना ज्या वेदीपुढे नेत, तिच्यासाठी 1512 ते 1516 च्या सुमारास ग्र्यूनेवाल्ड या नावाने जग ज्याला ओळखते त्या चित्रकाराने चित्रे काढली. ती दुहेरी दारांवर होती. एरवी दारे मिटलेली. सणाच्या दिवशी ती उघडत.

मिटलेल्या दारांवर क्रूस आहे. मागे काळेकभिन्न आकाश. बोटे वेदनेने फाकलेली, ओठ निळसर, आणि सर्व अंगभर काटे रुतून पिकल्यासारखे फोड: रुग्णांनी सकाळी आपल्या अंगावर जे पाहिले तेच इथे देवाच्या अंगावर. दारांची फट अशा जागी आहे, की ती उघडताना क्रुसावरच्या देहापासून एक हात निखळून बाजूला जाई. समोर आपला हात गमावून बसलेली माणसे ते पाहत असत. मी हे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा भिऊन रुमालात परत ठेवले होते. दोन वर्षे काढले नाही. मग वडिलांच्या अखेरच्या आजारात, त्यांच्या पाठीला शय्याव्रण झाले असताना, रात्री त्यांची कूस बदलून आलो आणि का कोण जाणे, तेच काढून बसलो. त्या रात्री त्या फोडांकडे पाहणे मला जड गेले नाही. कमरेला गुंडाळलेले वस्त्र मी प्रथमच नीट पाहिले: चिंध्या झालेले, दोऱ्याला दोरा उरलेला नाही असे.

दारे उघडली की मध्यभागी बाळ मांडीवर घेतलेली मरिया दिसते, आणि भोवती वाद्ये वाजवणारे देवदूत. पायाशी लाकडी घंगाळ आहे, पाळणा आहे, लहान मुलाच्या घरात असते ते सगळे काही आहे. आणि बाळाला ज्यात धरले आहे ते कापड पाहावे, तर तेही फाटके, तशाच चिंध्यांचे. बाहेरच्या दारावर ते अखेरचे वस्त्र पाहिलेले असल्यावाचून आतले हे पहिले वस्त्र ओळखू येणार नाही. डाव्या अंगाला देवदूताचा निरोप येतो तो प्रसंग आहे. मरियेपुढे यशयाचा ग्रंथ उघडा पडलेला, तिने तोंड एकीकडे फिरवलेले, आणि वर दांडीला कड्यांनी अडकवलेला लाल पडदा बाजूला सारलेला. मार्चच्या 25 तारखेला हा सण येतो, बहुधा उपवासकाळाच्या मध्यातच. जांभळ्या चाळीस दिवसांत एक पांढरा दिवस. त्या पहाटे मी हेच चित्र काढतो, आणि इतक्या वर्षांत देवदूतापेक्षा त्या पडद्याच्या कड्यांकडेच अधिक पाहिले आहे. आत्ताच कोणीतरी तो सरकवला, कड्यांचा आवाज अजून खोलीत आहे, असे वाटते.

उजव्या अंगाला पुनरुत्थान आहे. थडग्यातून वर उठणाऱ्या प्रभूमागे त्याचे प्रेतवस्त्र लोंबते आहे. खाली निळसर पांढरे, आणि वर जाता जाता लाल, मग सोनेरी होत गेलेले. एकच कापड, बाळाचे, क्रुसावरचे, थडग्यातले. हे मात्र माझ्या मनाचे म्हणणे, चित्रकाराच्या हातचा लेख त्यावर नाही.

आज ही चित्रे कोल्मारच्या संग्रहालयात आहेत, आणि सर्वांना सर्व दिसावे म्हणून दारे सुटी करून मांडलेली आहेत. प्रवासी एका बाजूने शुभ शुक्रवार पाहतो, चार पावले चालून नाताळ पाहतो, आणि वळसा घालून ईस्टर. यात त्या मंडळींचा दोष नाही, नाहीतर माझ्यासारख्याला ती छापील रूपाने तरी कुठून मिळती? पण त्या मठातल्या रुग्णाला बंद दारांपुढे जे आठवडे काढावे लागत, त्या आठवड्यांचेही काही रंगकाम असेल, आणि ते कोणत्याही संग्रहालयाला मांडता यायचे नाही. माझ्या रुमालाची गाठ मी उपवासकाळात म्हणूनच अधिक घट्ट मारतो, आणि पाचव्या रविवारपासून ती सोडतच नाही.

झाकण्याचा एक दुसरा प्रकार मात्र मला सोसत नाही. त्याला उपासाचे नाव देता येत नाही. गोव्यातल्या सांत इस्तेव बेटावर 1902 साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका मुंबईला वैद्यक शिकायला आले, ते सोडून चित्रकलेकडे वळले, आणि शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकून गोव्यास परतले, ते लुगडे नेसलेली मरिया रंगवूनच. तिथल्या भाविक समाजाला ते रुचले नाही. देवमाता साडीत दाखवणे हा तिचा उपमर्द आहे असे लोकांना वाटले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली रायतूरला ख्रिस्तपुराण छापून येशूची सगळी कथा मराठी ओवीत आणली होती; कानांनी जी मरिया तीनशे वर्षांपूर्वी आपली झाली, ती डोळ्यांना मात्र परदेशी पोशाखातच हवी होती. फोन्सेका पुण्याला आले, आणि शिवाजीनगरातल्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाने त्यांना थारा दिला. तिथे राहून, 1967 साली देहान्त होईपर्यंत, त्यांनी किती चित्रे काढली! आज त्यांतली पुष्कळशी पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात सांभाळलेली आहेत.

मी ती प्रथम पाहिली तेव्हा एकाच गोष्टीपाशी थांबलो, आणि ती म्हणजे पदर. डोईवरून आलेला, खांद्यावरून ओघळून बाळाच्या अंगावर अर्धा पडलेला पदर. आमच्या वाडीत विहिरीवर, केळीच्या बागेतून येताना, मिस्साला उभ्या असताना बायका तान्ह्या मुलांना ज्यात घेत, तो. लूकच्या शुभवर्तमानात मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळले असे सांगितले आहे, आणि ते वाक्य मी शेकडो वेळा ऐकले होते. पण बाळंते घरात वेगळे नसेल तर आई आधी काय पुढे करते, हे त्या चित्रापुढे मला आठवले.

शुभ शुक्रवारी क्रूस उघडतात तो एकदम उघडीत नाहीत. धर्मगुरू आधी वरचे टोक मोकळे करतात आणि क्रूस उंच धरतात. मग उजवा हात. मग सगळे कापड काढतात. तीन वेळा उंचावायचा, तीन वेळा लोकांनी गुडघे टेकायचे. बाकीच्या मूर्तींची कापडे शनिवारच्या रात्रीची उपासना सुरू होण्यापूर्वी अंधारातच काढलेली असत, म्हणून ती काढताना मी कधी पाहिली नाहीत. घंटा वाजत, मेणबत्त्या पेटत, आणि सगळी मंडळी जागच्या जागी असत. कापडे कोपऱ्यात बोळा होऊन पडलेली असत, आणि ती घरी नेऊन धुऊन ठेवणे हे आजीचे काम.

मिस्सा मराठीत होऊ लागल्यानंतरचे पहिले किंवा दुसरे वर्ष असेल. ईस्टरच्या सकाळी योहानाचा पाठ आजीला प्रथमच अक्षरन् अक्षर समजला होता. दुपारी अंगणातल्या दोरीवरून वाळलेली कापडे काढताना ती मध्येच थांबली. थडग्यात तागाची वस्त्रे पडलेली होती, आणि डोक्याचा रुमाल त्यांत नव्हता, तो निराळा एका बाजूला गुंडाळून ठेवलेला होता, हे तिच्या मनात घोळत असावे.

"ते फडकं घडी करून ठेवलं कुणी रे?" ती म्हणाली. "एवढ्या पहाटे? एवढ्या गडबडीत?"

मला सांगता आले नाही. तिने मोठ्या क्रुसाचे कापड माझ्याकडे टाकले, दोन टोके मी धरली, दोन तिने. ते उन्हाने तापलेले होते आणि त्याला साबणाचा वास येत होता. आम्ही मागे सरून ते ताणले, झटकले, मधोमध दुमडले, आणि टोकाला टोक मिळवण्यासाठी एकमेकांकडे चालू लागलो. कापड उंच झाले, क्षणभर आजी त्या जांभळ्यापलीकडे दिसेनाशी झाली, आणि मग तिचे हात माझ्या हातांना लागले आणि ते खाली आले.